शेअर रिक्षासाठी विजेवरची तीनचाकी: बांधणी आणि कर्ज

प्रश्न : आसरा ते स्टेशन शेअर रिक्षा चालवणारे आम्ही काहीजण विजेवरच्या तीनचाकीचा विचार करीत आहोत, परंतु स्वस्त गाडीतील लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात किती तग धरतील, याची धास्ती वाटते. शिवाय कर्ज कोणत्या पद्धतीने घ्यावे?

उत्तर १ : धास्ती रास्त आहे. गाडीला लागणाऱ्या ४८ व्होल्टसाठी १२ व्होल्टच्या चार लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या लागतात, त्यांचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते आणि पारा चाळिशीपार गेला की त्यांचे आयुष्य झपाट्याने घटते. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी हलकी आणि टिकाऊ आहे. सीटखालच्या पेटीला हवा खेळेल अशा जाळ्या ठेवाव्यात, छत पांढरे असावे आणि गाडी आल्या आल्या चार्जिंगला लावू नये. ई-रिक्षाला ताशी २५ किमी वेग आणि ४ प्रवासी ही मर्यादा आहे, हेही धरून चाला.

उत्तर २ : दादा, व्याज 'फ्लॅट' (म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर) की घटत्या शिल्लकेवर (म्हणजे फेडून उरलेल्या रकमेवर), हे आधी विचारा. दीड लाखावर १२ टक्क्यांनी तीन वर्षांत फ्लॅट व्याज ५४,००० रुपये होते, तर घटत्या शिल्लकेवर सुमारे २९,४००. पतसंस्थेने पिग्मीसारखी रोजची वसुली मान्य केली, तर महिनाअखेरीची ओढाताण टळते.

उत्तर ३ : बॅटरीविना वाहनाची नोंदणी २०२० पासून करता येते. बॅटरी भाड्याने मिळाली तर कर्ज बरेच हलके होईल. मात्र उतरलेली बॅटरी देऊन भरलेली घेण्याचे, म्हणजे अदलाबदलीचे केंद्र आपल्या मार्गावर असल्याशिवाय त्या फंदात पडू नये.