जॉगिंग करताना पायांतला जोर जातो, नडगी ठणकते – सल्ला हवा (सातारा)

गोडोलीकर
नमस्कार मंडळी. वय ४३, वजन ७८. आठवड्यातले पाच दिवस सकाळी ५ किमी, सगळं डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर, मधेमधे अजिंक्यताऱ्याचा चढ. दोन किमी झाले की पाय भरून येतात, मांड्यांत जोर उरत नाही. थांबल्यावर दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला ठणकतं. शूज दोन वर्षांचे. शाकाहारी आहे, शुगर-बीपी काही नाही. पुढे सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळायची फार इच्छा आहे. पळणं बंद करू का? सुरुवात कुठून करू?

घाटवाट
दादा, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, एकत्र धरू नका. नडगी दुखणं हा हाडावर आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंवर पडणाऱ्या भाराचा प्रश्न. जोर जाणं हा वेग, ताकद, खाणं किंवा रक्त यांपैकी कशाचाही असू शकतो.

आधी नडगी तपासा. खुर्चीत बसा, पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या आणि हाडाची आतली कड घोट्यापासून वर अंगठ्याने दाबत या. चार-पाच बोटं लांबीचा पट्टा हुळहुळा लागला तर तो बहुधा शिन स्प्लिंट, म्हणजे जास्त भाराने दुखावलेली नडगीची कड. एकच जागा, बोटाच्या टोकाएवढी, दाबली की कळ येते किंवा रात्री झोपेतही दुखतं, तर पळणं त्याच दिवशी बंद आणि हाडांचे डॉक्टर गाठा. हाडाला बारीक चीर असली तर पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रेत ती बऱ्याचदा दिसतच नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून पुन्हा पळायला सुरुवात करू नका, एमआरआयबद्दल विचारा.

पट्टा दुखत असेल तर पूर्ण बंद करायची गरज नाही. अंतर निम्मं करा, चढ-उतार बंद. दुखणं दहात तीनच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना जाणवलं नाही, तर चाललंय ते बरोबर.

शूजचा हिशेब तुम्हीच करा. आठवड्याला २५ किमी म्हणजे वर्षाला सव्वाहजार. पळायचा शूज साधारण ५०० ते ८०० किमी टिकतो. तळ वरून झिजलेला दिसला नाही तरी आतला फोम बसलेला असतो. जोडी टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कललेली दिसेल. नवे घेताना संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. उभं राहून पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.

मिरजकर_फिजिओ
वरच्या सगळ्याशी सहमत. त्यात ताकदीची भर घालतो, कारण चाळिशीनंतर नुसतं पळून पायाची ताकद वाढत नाही. पळताना पोटरीच्या आतल्या सोलियस स्नायूवर अंगाच्या वजनाच्या सहा ते आठ पट भार येतो. तो थकला की झटका नडगीवर जातो.

चाचणी: एका पायावर उभे राहा, भिंतीला दोन बोटं टेकवा, गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचला. २० ते २५ वेळा जमायला हवं. टाच अर्धीच उचलली जायला लागली की मोजणं थांबवा.

व्यायाम आठवड्यातून दोनदा, मधे किमान दोन दिवस सोडून:
- पायरीच्या कडेवर टाच वर दोन सेकंदांत, खाली तीन सेकंदांत. १२ चे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन गुडघा थोडा वाकवून. दुसरा प्रकार सोलियससाठी आहे, लोक नेमका तोच गाळतात.
- पाठ भिंतीला, पावलं फूटभर पुढे, टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर. २० चे दोन सेट.
- खुर्चीवरून एका पायावर उठणं-बसणं, ८ चे तीन सेट. मांडीतला जोर इथूनच येतो.

सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घ्या, त्यात पाच किलो तांदूळ.

पळण्याआधी वाकून ताण देत उभं राहण्यात फारसा फायदा नाही. सात मिनिटं झपझप चाला, पाय पुढे-मागे दहा-दहा वेळा झुलवा, मग हळू सुरुवात.

सज्जनगड_पायथा
रोज रात्री तिळाच्या तेलाने मालीश आणि मॅग्नेशियमची गोळी. पाय हलके होतात.

कृष्णाकाठ_सांगली
मालीश जरूर करावी, बरं वाटतं. पण नडगीच्या दुखऱ्या हाडावर जोरात रगडू नका. गोळ्यांचं म्हणाल तर आधी रक्त तपासा. शाकाहारी माणसाचा जोर जातो तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉइडची टीएसएच आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) करून घ्यावं. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन ३० च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपत आलाय असं समजा. लोहाची गोळी मात्र रिपोर्टशिवाय सुरू करू नये, जास्तीचं लोह शरीराला सहज बाहेर टाकता येत नाही. बी-१२ भाजीपाल्यात नसतं, ते दूध, दही, ताकातून मिळतं आणि बऱ्याच जणांना पुरत नाही. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना सांगा, तिने मांड्या-पोटऱ्या दुखू शकतात.

खाण्यात: जेवणानंतर तासभर चहा नको, तो लोह शोषू देत नाही. उसळीवर लिंबू पिळा. रात्री लवकर आणि हलकं जेवत असाल तर पळण्याआधी वीस मिनिटं एक केळं किंवा मूठभर बेदाणे, आमच्या तासगावचे असले तर उत्तमच. पळून आल्यावर तासाभरात दूध आणि मोड आलेली मटकी किंवा पनीर, साधारण २० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. नुसत्या पोह्यांवर भागत नाही.

गोडोलीकर
मनापासून आभार. नडगीचा पट्टाच दुखतोय, एक जागा नाही. टाच उजव्या पायावर १४ वेळा, डाव्यावर ११. रक्त उद्या देतो. वेगाचं काय? आणि यवतेश्वरचा घाट (साताऱ्याहून कासकडे चढणारा) कधी?

घाटवाट
११ आणि १४, मग जोर कुठून राहणार! वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. स्टेडियमवर भरतीची पोरं १६०० मीटरसाठी जीव तोडून पळतात. त्यांच्या मागे लागू नका, त्यांची परीक्षा वेगळी आहे.

घाटाचं गणित: चढताना भार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर येतो. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असताना ब्रेक लावतो, त्यामुळे तो आतून जास्त दुखावतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. आपल्या गावात चढ आपोआप होतो, उतार मात्र शिकावा लागतो. पावलं छोटी, पाय शरीराच्या खालीच पडला पाहिजे, पुढे टाकायचा नाही.

पहिले चार आठवडे: मंगळवार, गुरुवार, शनिवार सपाटीवर, जमल्यास मातीवर, तीन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं, सहा वेळा. व्यायाम सोमवारी आणि गुरुवारी, गुरुवारचा पळून झाल्यावर. पाचव्या आठवड्यापासून एका वेळी एकच गोष्ट वाढवा, अंतर किंवा चढ. दर चौथा आठवडा हलका.

मिरजकर_फिजिओ
एवढं लक्षात ठेवा: एकच पोटरी सुजून गरम झाली, पाऊल उचलता येईना, लघवी-संडासवरचा ताबा गेला किंवा लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. पळताना ठरावीक मिनिटांनीच पोटरी दगडासारखी होऊन बधिर पडत असेल आणि थांबल्यावर सुटत असेल, तर तेही दाखवा, तो वेगळा आजार असतो.

घाटवाट
आणि या महिन्यात रविवारी यवतेश्वरला जायचंच असेल तर वर चालत जा, खाली गाडीने या.