‘पाळत’, ‘देखरेख’ आणि ‘सेवा खंडित’: सायबर हल्ल्यांनंतरचे शब्द

प्रश्न: सायबर हल्ल्यांनंतर सरकार इंटरनेटवर ठेवत असलेल्या नजरेविषयी मराठीत लिहिताना ‘सर्व्हेलन्स’साठी कुठे ‘पाळत’, कुठे ‘देखरेख’, तर कुठे ‘निगराणी’ किंवा ‘टेहळणी’ हे शब्द योजलेले दिसतात. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? आणि या नजरेबद्दल लोकांच्या मनात जे असते, त्याला ‘संशय’ म्हणावे की ‘अविश्वास’?

प्रतिसाद: हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, पण ते वापरू नयेत असे माझे ठाम मत आहे. देखरेख उघडपणे होते. बांधकामावर अभियंत्याची देखरेख असते ती सर्वांना ठाऊक असते, आणि काम बिघडले तर देखरेख करणाऱ्यालाही जाब विचारता येतो. पाळत मात्र ज्याच्यावर असते त्याच्या नकळतच असते. ‘चोरट्यांनी पाळत ठेवून बंद घर फोडले’ असे वर्तमानपत्रात छापून येते आणि ‘पोलिसांनी पाळत ठेवून आरोपीला पकडले’ असेही येते. म्हणजे पाळत ठेवणाऱ्याचा हेतू कसा आहे हे तो शब्द सांगत नाही, नजर लपवलेली आहे एवढेच सांगतो. ‘निगराणी’त काळजीची छटा आहे, कारण रुग्ण डॉक्टरांच्या निगराणीखाली असतो. टेहळणी शत्रूची करायची असते, म्हणून स्वतःच्याच नागरिकांबाबत तो शब्द मला पटत नाही.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 69 नुसार सरकारला संदेश मध्येच टिपता येतात, त्यांवर लक्ष ठेवता येते आणि कूटबद्ध मजकूर उलगडून मागता येतो. केंद्रीय गृह मंत्रालयाने 20 डिसेंबर 2018 रोजी या कामासाठी 10 यंत्रणांना अधिकार दिले. याचे आदेश सचिव देतात आणि त्यांचा आढावाही सचिवांचीच समिती घेते. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी लागत नाही आणि ज्याचे संदेश वाचले गेले त्याला ते नंतर कळवण्याचे बंधनही नाही. अशा व्यवस्थेला ‘देखरेख’ म्हणणे हे तिला नसलेला उघडेपणा बहाल करण्यासारखे आहे. तिथे ‘पाळत’ हाच शब्द हवा.

खरी गुंतागुंत सर्ट-इन या सायबर सुरक्षा पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांत दिसते. सायबर हल्ला लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावा आणि यंत्रणांच्या नोंदी 180 दिवस जपाव्यात, अशी सक्ती त्यांत आहे. ही संस्थांवरची देखरेख आहे आणि तिची गरज कोणी नाकारू नये. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये सुमारे 94 कोटी रुपये लुबाडले गेले. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे सर्व्हर सायबर हल्ल्यामुळे बंद पडल्याने नोंदी अनेक दिवस हाताने कराव्या लागल्या. परंतु त्याच निर्देशांत व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची आपली ओळख झाकणारी सेवा, देणाऱ्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते आणि त्यांना दिलेले आयपी पत्ते (इंटरनेटवरचे ओळख क्रमांक) 5 वर्षे सांभाळून ठेवावेत, असेही सांगितले आहे. ही पाळतीची शिदोरी आहे. काही व्हीपीएन कंपन्यांनी त्यानंतर भारतातले सर्व्हर काढून घेतले. एकाच कागदावर दोन्ही गोष्टी ‘सायबर सुरक्षा’ या एका नावाखाली येतात, आणि लोक बिथरतात ते या सरमिसळीमुळे.

पाळतीने सुरक्षा वाढतेच, हे गृहीतकही तपासून घ्यावे. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने विंडोजमधील एक त्रुटी स्वतःच्या हेरगिरीसाठी वापरली आणि ती मायक्रोसॉफ्टला वेळेवर सांगितली नाही. तिच्यावर बेतलेले हत्यार चोरीला जाऊन एप्रिल 2017 मध्ये जगजाहीर झाले. मे महिन्यातल्या वॉनाक्राय आणि जूनमधल्या नॉटपेट्या या जगभर पसरलेल्या सायबर हल्ल्यांत तेच वापरले गेले. नॉटपेट्याचा फटका न्हावा शेवा बंदरातल्या मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनललाही बसला आणि तिथली मालवाहतूक अडून राहिली.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. ‘संशय’ हा बरेचदा माणसाच्या स्वभावाला चिकटवला जातो, आणि संशयाला औषध नसते असे आपण म्हणतोच. ‘अविश्वास’ अनुभवातून येतो. विधिमंडळात ‘अविश्वासाचा ठराव’ हे तर सनदशीर पाऊल आहे. पेगॅसस या फोनमध्ये शिरून हेरगिरी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तांत्रिक समितीने 29 फोन तपासले. त्यांतील 5 फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडले, पण ते पेगॅससच आहे हे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नसल्याचे सरन्यायाधीशांनी 25 ऑगस्ट 2022 रोजी न्यायालयात सांगितले. ही माहिती वाचून लोकांचे जे मत होते त्याला ‘संशय’ म्हटले, तर दोष वाचणाऱ्यांच्या मनावर जातो. म्हणून ‘अविश्वास’ म्हणावे. सरकारने माहिती उघड केली तर तो दूरही होऊ शकतो.

आणखी एक प्रतिसाद: ‘पाळत’विषयीचे म्हणणे मान्य आहे, पण दहशतवादी किंवा खंडणीखोर टोळीच्या तपासात नजर लपवूनच ठेवावी लागते, तेव्हा या शब्दाला सरसकट आरोपाचा सूर देऊ नये. या चर्चेत ‘इंटरनेट सेवा खंडित’ या प्रयोगाचाही विचार व्हावा, अशी विनंती आहे.

प्रतिसाद: पहिला मुद्दा रास्त आहे. न्यायालयाच्या परवानगीने ठेवलेली पाळतही पाळतच असते, आणि ती समर्थनीय असू शकते. माझा आक्षेप तिला सौम्य नावाने झाकण्याला आहे.

‘खंडित’ हा शब्द वीजपुरवठ्याच्या बातम्यांतून आला असावा. वादळात तार तुटली की पुरवठा खंडित होतो, तो कोणी हेतुपुरस्सर करत नाही. जून 2023 मध्ये कोल्हापुरात तणावाच्या वेळी इंटरनेट गेले ते प्रशासनाने बंद केल्यामुळे; तिथे ‘सेवा खंडित झाली’ असे लिहिले की कर्ताच नाहीसा होतो. त्यातून सायबर हल्ल्यामुळे बंद पडलेली सेवा आणि आदेशाने बंद केलेली सेवा यांतला फरकही वाचकाला कळत नाही. ‘बंद पडली’ आणि ‘बंद केली’ हे दोन साधे प्रयोग हाताशी असताना ‘खंडित’ची गरज नाही. काश्मीरमधील इंटरनेट बंदीविषयीच्या अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 रोजी इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक केले आहे. तेव्हा बातमीत ‘इंटरनेट कोणाच्या आदेशाने, कोणत्या कारणासाठी आणि कधीपर्यंत बंद ठेवले आहे’ हे यावे, आणि आदेश प्रसिद्ध झालेला नसेल तर तेही त्याच वाक्यात लिहावे.