जड गेम लावला की पीसी झटक्यात बंद

प्रश्न: पंधरा मिनिटांत पीसी बंद पडतो. निळी स्क्रीन नाही. बटण दाबूनही चालू होत नाही, एसएमपीएसचा (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) मागचा स्विच बंद-चालू करावा लागतो. ग्राफिक्स कार्ड २२० वॅटचं, एसएमपीएस ५५० वॅटचा, सात वर्षं जुना. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) फक्त कर्नल-पॉवर ४१ ही नोंद.

उत्तर १: ४१ म्हणजे विंडोज नीट बंद झालं नाही एवढंच, कारण त्यात कळत नाही. खरा पुरावा तो मागचा स्विच: एसएमपीएसचं संरक्षण लागलं की तो असाच अडून बसतो. कार्डचा भार क्षणभर भलताच उसळतो, म्हातारा एसएमपीएस तिथेच मान टाकतो. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने खायच्या विजेची मर्यादा) ७० टक्क्यांवर आणून तोच गेम तासभर चालवा. टिकला तर चोर सापडला. कार्डाला ८ पिनची दोन सॉकेटं असतील तर दोन स्वतंत्र केबल लावा, एकाच केबलची दोन तोंडं नकोत.

उत्तर २: एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं लॉगिंगही (सतत नोंद) चालू ठेवा, शेवटच्या ओळीतलं तापमान बघा. धूळ ब्लोअरने उडवताना पंखा बोटाने धरा.

उत्तर ३: यूपीएसवर आहे का? ६०० व्हीएचा (यूपीएसवर लिहिलेलं क्षमतेचं माप) म्हणजे जेमतेम ३६० वॅट. थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा.

प्रश्नकर्ता: भिंतीलाच आहे. ७० टक्क्यांवर दोन तास चालला. नवीन ७५० वॅटचा घेतो.

उत्तर १: जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. पिनांची मांडणी वेगळी निघाली तर कार्ड जळेल.