जुन्या तबकड्यांवरील नाताळगीते संगणकावर उतरवून इतरांना देता येतील का?

चेंदणीकर, ठाणे

मुंबईतील चोर बाजार आणि ठाण्यातील भंगाराची दुकाने येथून माझ्याकडे नाताळच्या गाण्यांच्या बऱ्याच ध्वनिमुद्रिका जमल्या आहेत. त्यांत कोलकात्याच्या दमदम येथील कारखान्यात तयार झालेल्या एलपी (मोठ्या, अधिक गाण्यांच्या तबकड्या) अधिक असून काही ४५ आरपीएमच्या (मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या) ईपी, म्हणजे लहान तबकड्या, आणि लाखेच्या थोड्या ७८ आरपीएमच्या तबकड्याही आहेत. अमेरिकी गायक जिम रीव्ह्ज यांच्या १९६३ सालच्या नाताळगीतांच्या एलपीच्या तर एकाहून अधिक प्रती मिळाल्या. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये जाणाऱ्या काही ज्येष्ठ स्नेह्यांना ही गाणी पुन्हा ऐकायची आहेत. ती संगणकावर नीट कशी उतरवावीत आणि पुढे इंटरनेटवर सर्वांसाठी खुली ठेवता येतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

लाखेची तबकडी

सर्वप्रथम एक सूचना: ७८ च्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेले कोणतेही द्रावण लावू नये, कारण लाख त्यात विरघळते. व्हिनाइलच्या एलपी डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य द्रवसाबणाचा थेंब टाकून, मधले लेबल कोरडे राखत, खाचांच्या दिशेने मऊ कापडाने पुसाव्यात आणि पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरने साबण काढावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत खाचांमध्ये पांढरी बुरशी धरते, त्यामुळे तबकडी पूर्ण वाळल्याशिवाय आत ठेवू नये आणि आतले जुने कागदी पाकीट सरळ टाकून द्यावे. बाहेरचे कव्हर मात्र जपावे.

७८ ची खाच रुंद असते आणि तिच्यासाठी साधारण ७५ मायक्रॉन टोकाची सुई लागते. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी, म्हणजे नेमक्या मळावरून, घासत जाते आणि मग सगळा दोष बिचाऱ्या तबकडीच्या माथी येतो. मोनो (एकाच ध्वनिमार्गाची) तबकडी स्टीरिओ (दोन ध्वनिमार्गांच्या) कार्ट्रिजने, म्हणजे सुई बसवलेल्या भागाने, वाजवली असेल, तर संगणकावर मुद्रण केल्यानंतर दोन्ही चॅनेल एकत्र करावेत. मोनो तबकडीत संगीत सुईच्या आडव्या हालचालीत असते, त्यामुळे उभ्या हालचालीतून येणारी बरीचशी खरखर या बेरजेत आपोआप कमी होते.

मुद्रण २४ बिटमध्ये करावे, मूळ फाइल वॅव्ह किंवा फ्लॅक या दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात जशीच्या तशी ठेवावी आणि आवाज स्वच्छ करण्याचे प्रयोग तिच्या प्रतीवरच करावेत. नाताळगीतांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण या गाण्यांतील घंटा आणि घुंगरांचा आवाज उच्च कंपनसंख्येचा असतो आणि खरखर काढणारी सॉफ्टवेअर आधी त्याच्यावरच घाला घालतात. माझ्या मते थोडी खरखर राहिलेली परवडली.

कळव्याचा वाचक

खुले वितरण करण्यापूर्वी दोन हक्क वेगळे ओळखावे लागतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाला प्रथम प्रकाशनाच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे संरक्षण मिळते; त्या हिशेबाने १९६३ च्या मुद्रणाची मुदत भारतात २०२३ अखेर संपली. मात्र गीत आणि संगीत यांचा हक्क रचनाकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. आपण उल्लेखलेल्या एलपीवर ‘सायलेंट नाइट’ आहे, जे १८१८ मध्ये ऑस्ट्रियात प्रथम गायले गेले. त्याच्या मूळ रचनेबाबत अडचण नाही. त्याच तबकडीवर ‘व्हाइट ख्रिसमस’ही आहे आणि त्याचे रचनाकार अर्व्हिंग बर्लिन १९८९ मध्ये वारले, म्हणजे आपल्याकडे ती रचना २०४९ अखेरपर्यंत संरक्षित राहील. अमेरिकेत तर १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ च्या मध्यापर्यंतची मुद्रणे १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षित आहेत, त्यामुळे तिकडच्या संकेतस्थळावर ठेवलेली फाइल काढली जाऊ शकते. घरी स्वतः ऐकण्यासाठी प्रत करणे ही वेगळी बाब असून कायद्याच्या कलम ५२ मध्ये खासगी वापरासाठी सवलत आहे.

नौपाड्यातील संग्राहक

वरील हिशेबात वर्ष कोणते धरायचे, हीच खरी मेख आहे. मोजायचे ते प्रथम प्रकाशनाचे वर्ष; भारतीय आवृत्ती कधी निघाली याला येथे महत्त्व नाही, आणि जुन्या लेबलांवर बहुधा वर्ष नसतेच. ते छापण्याचे बंधन आपल्याकडे १९८४ च्या दुरुस्तीने आले. संकलनांत आणखी घोळ होतो. १९६१ पासून गुडइयर आणि पुढच्या वर्षापासून फायरस्टोन या अमेरिकी टायर कंपन्यांनी नाताळगीतांच्या एलपी स्वस्तात विकल्या (टायर आणि ख्रिस्तजन्म यांचा संबंध त्यांनाच ठाऊक), पण अशा संकलनातील एखादे मुद्रण त्याआधीच अन्यत्र प्रकाशित झालेले असू शकते. म्हणून प्रत्येक तबकडीचा कॅटलॉग क्रमांक, लेबलाच्या कडेला गुळगुळीत भागात कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीच्या साच्याचा क्रमांक) आणि दोन्ही लेबलांची छायाचित्रे आधी नोंदवावीत. ही सूची मात्र आपण आजही निर्धास्तपणे सर्वांना देऊ शकता.

प्रसिद्ध गायकांची गाणी आता कोणालाही मोबाइलवर सहज मिळतात, त्यांच्यावर फार वेळ घालवू नये, असे मला वाटते. आपल्या साठ्यात एखाद्या शाळेच्या किंवा चर्चच्या गायकवृंदाची, मराठी वा कोकणी नाताळगीतांची तबकडी असल्यास ती प्रथम उतरवून घ्यावी आणि संबंधितांकडे लेखी परवानगी मागावी. माझ्याकडे ७८ ची सुई बसवलेला टर्नटेबल आहे. लाखेच्या तबकड्या उभ्या ठेवून, मध्ये पुठ्ठे घालून आणल्यास आपण त्या माझ्याकडेच उतरवून घेऊ.