प्रतिसाद : मुंबई-न्यूयॉर्क, जाताना जास्त वेळ का?

दादा, तुम्ही विचारलंय की अंतर तेवढंच, मग जाताना सोळा तास आणि येताना चौदा कसे? वर कुणीतरी लिहिलंय की पृथ्वी फिरते म्हणून. ते बरोबर नाही. पृथ्वीबरोबर हवाही फिरते आणि विमान त्या हवेतच उडतं. खरं कारण जेट स्ट्रीम. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. येताना तो पाठीशी असतो, जाताना अंगावर.

अंतर सुमारे 12,500 किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात पट्टी लावून मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून बघा, तो वर नॉर्वे-ग्रीनलंडकडे जातो. माझ्या नातवाला हे दाखवलं तेव्हा तो कितीतरी वेळ दोरा सोडेना!

आणि आपल्या कोल्हापूरकरांनी हिशेब मुंबईपासून धरू नये. रस्त्याने पावणेचारशे किलोमीटर, म्हणजे सात-आठ तास, शिवाय विमानतळावर तीन तास आधी. वडीलधारी माणसं सोबत असतील तर आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने जा आणि मुंबईत दिवसभर विसावा घ्या.