बाहेरच्या एसएसडीवर उबुंटू लिनक्स टाकायचं आहे, आतल्या विंडोजला धक्का न लावता : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

घरात लॅपटॉप एकच आहे. बाबांच्या सुताच्या दुकानाचे सगळे हिशेब त्यावर टॅलीत असतात, जीएसटीचं कामही त्यावरच. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या सत्रात स्वतः लिहिलेलं लिनक्सचं कर्नल मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, जोडायचा छोटा प्रोग्रॅम) चालवून दाखवायचं आहे. रॅम ८ जीबी, त्यामुळे व्हर्च्युअल मशीन (विंडोजच्या आत चालणारा आभासी कॉम्प्युटर) रखडतं. डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमधूनच लिनक्स चालवण्याची सोय) मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा कर्नल असतो, आमच्या सरांना तो चालत नाही.

आतल्या डिस्कचं पार्टिशन मला करायचंच नाही. बाबांचा डेटा म्हणजे घरची चूल आहे. म्हणून ५०० जीबीची साटा एसएसडी यूएसबी ३ च्या केसिंगमध्ये बसवली आहे आणि तिच्यावर उबुंटू २४.०४ टाकायचं ठरवलंय. पेन ड्राइव्हवरची लाइव्ह आवृत्ती नको, पूर्ण इन्स्टॉलच हवं.

इन्स्टॉल करण्याआधी विचारते :
बाहेरची डिस्क निवडली तरी बूटलोडर (सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) आतल्या डिस्कवर जातो, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. ते कसं टाळायचं? विंडोज ११ वर बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे, तो मध्येच की मागेल का? आणि सिक्युअर बूट (विश्वासू सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) बंद करावं लागेल का?

प्रतिसाद १

तुमची बूटलोडरची शंका रास्त आहे. यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनमध्ये आतल्या डिस्कवर ईएफआयचं एक छोटं पार्टिशन असतं. इन्स्टॉलरला ते आयतं सापडलं की बऱ्याचदा तो ग्रब, म्हणजे उबुंटूचा बूटलोडर, तिथेच ठेवतो. मग बाहेरची एसएसडी काढली की लॅपटॉप ग्रबच्या काळ्या पडद्यावर अडकतो आणि दुसऱ्या दिवशी बाबांचं काम खोळंबतं.

सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे इन्स्टॉल करताना आतली डिस्क दिसूच द्यायची नाही. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये ती बंद करण्याची सोय असते, आधी तिथे बघा. नसेल तर बाहेरच्या एसएसडीवर फॅट३२ मध्ये ५०० एमबीचं ईएफआय पार्टिशन स्वतः बनवा आणि बूटलोडरसाठी तीच डिस्क निवडा. डिस्क नावावरून ओळखू नका, आकारावरून ओळखा.

इन्स्टॉल झाल्यावर बाहेरच्या ईएफआय पार्टिशनमध्ये 'बूट' नावाचं फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ ही फाइल आहे का ते तपासा. बाहेरच्या डिस्कवर यूईएफआय हीच फाइल शोधतं. ती असली की एसएसडी दुसऱ्या मशीनवरही सुरू होते.

प्रतिसाद २

बिटलॉकरबद्दल : कशालाही हात लावण्याआधी ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर उतरवा. बाबांनाही एक प्रत द्या.

सिक्युअर बूट बंद करू नका. बंद केलं की टीपीएमला (बिटलॉकरची की जपणारी चिप) बदल दिसतो आणि पुढच्या वेळी विंडोज ती की मागण्याची दाट शक्यता असते. उबुंटू सिक्युअर बूटसह सुरू होतं. तुमची खरी अडचण पुढे येईल, कारण सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेत नाही. वर्गातली निम्मी मुलं इथेच सिक्युअर बूट बंद करून टाकतात. त्याऐवजी सहीसाठी स्वतःची की तयार करा, 'मॉकयूटिल' या कमांडने तिची नोंद करा, रीस्टार्टला येणाऱ्या निळ्या पडद्यावर पासवर्ड देऊन ती स्वीकारा आणि दर वेळी मॉड्यूलवर त्या कीने सही करा. थोडं किचकट आहे, पण एकदा जमलं की कायमचं.

आणखी एक, ग्रबच्या यादीतून विंडोज कधीच सुरू करू नका. लिनक्स हवं तेव्हा चालू करताना बूट मेन्यूतून एसएसडी निवडा, एरवी ती काढून ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. बायोसमध्ये आतली डिस्क बंद करण्याचा पर्याय सापडला. की उतरवून एक प्रत बाबांच्या कपाटात ठेवली. सहीचा भाग मला अजिबात माहीत नव्हता, प्रॅक्टिकलच्या दिवशीच अडले असते.

अजून एक शंका. लिनक्स वापरल्यावर विंडोजचं घड्याळ चुकतं म्हणतात. बाबांच्या बिलांवर वेळ चुकीची पडायला नको.

प्रतिसाद १

हो, साडेपाच तास मागे जातं. मशीनचं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेचं मानतं, लिनक्स यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळ). उबुंटूमध्ये 'टाइमडेटसीटीएल' या कमांडला लोकल आरटीसी (मशीनच्या घड्याळात स्थानिक वेळ) वापरायला सांगा, विंडोजमध्ये काही बदलावं लागणार नाही.

केबल आखूड आणि घट्ट बसणारी घ्या. लॅपटॉप स्लीपमध्ये असताना एसएसडी काढू नका, पूर्ण बंद करूनच काढा. चालता चालता सिस्टिम गोठायला लागली तर केसिंगमधल्या चिपचं यूएएसशी (यूएसबी डिस्कशी वेगाने बोलण्याची पद्धत) जमत नसण्याची शक्यता असते. तसं झालं तर 'एलएसयूएसबी' या कमांडमध्ये दिसणारा केसिंगचा आयडी इथे टाका, त्या चिपपुरतं यूएएस बंद कसं करायचं ते सांगतो.