देवबागात आता नवीन खोल्या नकोत

पायवाट

मालवण तालुक्यातल्या देवबागात, आणि तारकर्लीच्या देवबागकडच्या भागात, यापुढं पर्यटकांसाठी एकही नवीन खोली बांधू देऊ नये असं माझं मत आहे. आहेत त्या राहोत. वाढवू नयेत. ज्यांना यायचंय त्यांनी मालवणात नाहीतर कुडाळात उतरावं, दिवसा देवबागला यावं, संगम बघावा, पोटभर जेवावं आणि परत जावं.

कारण जागाच तशी आहे. नकाशा उघडून बघा. देवबाग हा वाळूचा दांडा आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी आणि दक्षिणेला टोकावर दोघांचा संगम. काही ठिकाणी इकडच्या पाण्यावरून हाक मारली तर तिकडच्या पाण्यावर ऐकू जाईल एवढंच अंतर. त्यातच गाव, विहिरी, माड, रस्ता, आणि आता दर दुसऱ्या घराला ‘रूम उपलब्ध’ची पाटी.

हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवरचे लाटांनी कोरलेले खडक बघायला लोक जातात. हेदवीला भरतीच्या वेळी बामणघळीतून उसळणारं पाणी बघायला जातात. तिथं गावात शंभर खोल्या वाढल्या तरी कातळाचं काही बिघडत नाही. देवबागात जे बघायला जायचं ती वाळू आणि राहायचंही त्याच वाळूवर. हा फरक कुणी लक्षातच घेत नाही.

दर पावसाळ्यात उधाणाच्या बातम्या येतात, दगडी बंधाऱ्याची मागणी होते, बंधारा होतो, आणि जिथं तो संपतो तिथून पुढं धूप सुरू होते. २०११ च्या सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) अधिसूचनेत अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांची यादी आहे, तीत मालवणचं नाव आहे. ते काय उगाच घातलंय?

माडाखाली

देवबागचाच आहे. घरामागं चार खोल्या आहेत, म्हणजे तुमच्या हिशोबात मी आरोपी.

तुम्ही म्हणता मालवणात राहा आणि दिवसा या. म्हणजे खोलीचं भाडं मालवणच्या हॉटेलवाल्याला, गाडीचं भाडं कुडाळच्या गाडीवाल्याला, आणि आमच्या वाट्याला एक सुरमई थाळी आणि तुमच्या पाण्याच्या बाटल्या. बरं आहे.

माझे वडील रापणीला जायचे. रापण ओढायला आख्खी वाडी लागायची आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडायचे. पुढं आख्खा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांचे पर्ससीनवाले आले, मग रात्री दिव्यांच्या उजेडानं मासळी गोळा करणारे एलईडीवाले. पर्ससीनवर राज्यानं २०१६ मध्ये निर्बंध घातले, एलईडीवर केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. रात्री किनाऱ्यावर उभे राहा आणि समुद्रात उजेड किती दिसतो ते मोजा. माझ्या भावकीतली निम्मी घरं मुंबईला गेली. जी राहिली ती या खोल्यांमुळं राहिली. बायकांच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले ते घावणे आणि कोंबडी-वडे विकून.

१९९७ साली सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हा कुणी आम्हाला विचारलं नव्हतं. त्याच्या दहा वर्षं आधी, १९८७ ला मालवणात सागरी अभयारण्य जाहीर केलं, तेव्हाही तेच. आता पर्यटन बंद करायचं तेही तुम्हीच ठरवणार. तुमी येतास दोन दिसांसाठी, आमका हयच रवाचा आसा.

सुट्टीवाली

धागाकर्ते एकटे फिरत असावेत. दोन मुलं आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई घेऊन कुडाळात राहायचं, तीसेक किलोमीटर मालवण, पुढं दहा-बारा किलोमीटर देवबाग, तेही सुट्टीच्या दिवसांत त्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की कुणीतरी मागं घेईपर्यंत थांबत? आणि पोचणार कधी, तर दुपारी बाराला, वाळू तापलेली असताना. किनाऱ्याची मजा सकाळी सात आणि संध्याकाळी सहाची. ती तिथं राहिल्याशिवाय मिळत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ‘घरगुती’ लिहिलेलं असतं आणि घर कुठंच नसतं. मागच्या वेळी आम्ही उतरलो (नाव लिहीत नाही) तिथला मालक फोनवर कोल्हापूरहून बोलत होता, जेवण बाहेरून डब्यात येत होतं, आणि नळाला मचूळ पाणी. दर मात्र एसीचा. त्यापेक्षा सरळ हॉटेल परवडलं, निदान तक्रार करायला काउंटरवर माणूस तरी असतो.

भूजल

मचूळ पाण्याचा उल्लेख आला म्हणून लिहितो. भूजलाच्याच कामात आयुष्य गेलंय. देवबागात मी मोजमाप केलेलं नाही, पण असे वाळूचे दांडे सगळीकडं एकाच नियमानं चालतात.

पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी जड. याचा ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली साधारण चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी असतं. ऐकायला छान वाटतं. पण उलटा विचार करा. पंप लावून वरची पातळी अर्धा फूट उतरवली, की कालांतरानं खालून खारं पाणी वीस फूट वर सरकायला मोकळं. दांडा जितका अरुंद तितका हा गोड्या पाण्याचा थर पातळ. रहाटानं पाणी काढणाऱ्या घराला तो पुरायचा. तेवढ्यावर चार शॉवर, गाद्यांच्या चादरी आणि कोरडा एप्रिल-मे आला की पुरत नाही. आणि गर्दी नेमकी मे महिन्यात, जेव्हा तो थर सगळ्यात कमी असतो.

दुसरं, शोषखड्डे. चिकणमातीत सांडपाणी हळूहळू झिरपतं आणि वाटेत बरंचसं निवळतं. वाळूत ते भराभर पुढं जातं. खड्डा आणि विहीर एकाच परसात असतील तर काय होत असेल ते मी सांगायला नको.

पाऊस तिथं वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणून थर दरवर्षी भरतो हे खरं. पण तो भरला म्हणून कितीही उपसावा असं होत नाही. माझं म्हणणं खोल्यांच्या संख्येवर नाही, पाण्याच्या उपशावर मर्यादा घाला. मग खोल्या आपोआप थांबतील.

चहाटळ

दिवाळीत चार माणसांसाठी समुद्राला लागून खोली मिळेल का? नॉनएसी चालेल. कुणाचा नंबर असेल तर द्या.

माडाखाली

@चहाटळ, धागा वाचलात का?

@भूजल, विहिरीचं तुम्ही बरोबर सांगितलंत, उन्हाळ्यात आमच्या आवाठात ते दिसतं. पण एक सांगा. माझ्या चार खोल्यांनी विहीर आटते आणि शेजारी भाडेपट्ट्यानं घेतलेल्या जमिनीवर उभ्या राहिलेल्या वीस खोल्यांच्या रिसॉर्टला टँकर येतो. टँकरवाला पाणी कुठून आणतो? दुसऱ्या कुणाच्या तरी विहिरीतून. मर्यादा घातली की पंपाचा मीटर आधी माझ्या दारात येणार, कारण मी गावात सापडतो. तो मालक सापडत नाही.

आणि वाळूचं म्हणाल तर खाडीतल्या उपशाबद्दल कुणी बोलेल का? नदीनं आणलेली वाळू ट्रकनं बांधकामाला जाते, मग दांड्याला नवीन वाळू यायची कुठून? ती वाळू आमच्या खोल्यांनी नेलेली नाही.

गोंयकार

कळंगुटचं एक टोक बघून या आणि मग चर्चा करा. तिथंही सुरुवात घरातल्या खोल्यांपासूनच झाली होती, जेवण मालकिणीच्या हातचं. आज त्याच गल्लीत मालकीण कुठं आणि समुद्र कुठं ते शोधावं लागतं. पण एक लक्षात घ्या, गोव्यात परवानगी नाही म्हणून कुणाचं अडलं असं मला आठवत नाही. बंदी घाला म्हणणाऱ्यांनी ती पाळून कोण घेणार तेही सांगावं. पंचायत? पंचायतीत बसतं कोण?

खोलपाणी

स्कूबाच्या धंद्यात आहे, मालवणात. धागाकर्त्यांच्या ‘दिवसा या आणि जा’ला माझा सगळ्यात जास्त विरोध आहे, कारण किनाऱ्याची जी वाट लागते ती रात्री राहणाऱ्यांमुळं नाही.

मुक्कामाचा माणूस सकाळी फिरतो, दुपारी झोपतो, संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसतो. दिवसाचा माणूस घड्याळ लावून आलेला असतो. त्याला चार तासांत सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, पॅरासेलिंग, बनाना राइड आणि त्सुनामी आयलंड, सगळं पाहिजे. म्हणून बोटी भरून सुटतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीत स्कूबाहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. त्यानंतर काही दिवस तपासण्या झाल्या. आमच्या धंद्यातली घाई ही गिऱ्हाइकाच्या घाईतून येते, हे मी आतून सांगतोय.

त्सुनामी आयलंडचंही तेच. २००४ च्या त्सुनामीनंतर ते वर आलं असं बोटवाले सांगतात. नदीच्या मुखाशी वाळूची बेटं येतात आणि जातात, नावाला गोष्ट लागते एवढंच. त्या चिमूटभर वाळूवर एका वेळी किती बोटी लागतात ते बघा. भरती आली की बेट पाण्याखाली, आणि तिथले कप-प्लेट संगमात. यातलं बहुतेक गिऱ्हाईक त्या रात्री देवबागात नसतंच. ते गोव्याला नाहीतर कोल्हापूरला जायच्या वाटेवर असतं.

खोल्या बंद केल्यात तर राहणारे जातील, हे राहतील.

पायवाट

खोलपाणींचा मुद्दा वजनदार आहे, पण त्यावरचा उपाय बोटींची संख्या ठरवणं हा आहे, खोल्या वाढवणं नाही. दोन्ही करा ना.

माडाखाली, तुमच्या चार खोल्या मी बंद करा म्हटलेलंच नाही. उलट नवीन बांधकाम थांबलं तर तुमच्या खोल्यांना भाव येईल. आज दर पाडून स्पर्धा कोण करतं? भाडेपट्टेवाला. त्याचं पुढचं बांधकाम थांबलं तर फायदा तुमचाच.

आणि पर्यटन म्हटलं की खोल्यांचीच रांग हवी असं कुठं आहे? मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ मध्ये तिथं ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली, २००६ पासून कासव महोत्सव होतो. लोक गावातल्याच घरांत उतरतात, पडवीत झोपतात, मोदक-उकडीचं साधं जेवण जेवतात, पहाटे पिल्लं समुद्रात जाताना बघतात. किनाऱ्यावर एक रिसॉर्ट नाही म्हणून कुणाचं अडलेलं नाही.

दापोलीकर

वेळासचं उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं आणि प्रत्येक वेळी अर्धंच येतं. मी त्याच भागातला. कासवांचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून फार तर मेपर्यंत. त्यातही पाहुणे येतात ते शनिवार-रविवार. बाकी वर्षभर गाव सुपारी, आंबा आणि मुंबईहून येणाऱ्या पैशावर चालतं. जोडधंदा म्हणून उत्तम, पण देवबागला तो जोडधंदा नाही, मुख्य धंदा आहे. बागायत पुरेशी आहे तिथं वेळास जमतं. वाळूवर माड सोडून पिकवणार काय?

आणि एक आठवण. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दिवेआगर, श्रीवर्धनपासून आमच्याकडंपर्यंत नारळ-सुपारीच्या बागा झोपल्या. सुपारीचं झाड पुन्हा फळाला यायला कितीतरी वर्षं जातात. तोवर बऱ्याच घरांना हात दिला तो पाहुण्यांच्या खोल्यांनी. छपरं घालून दोन हंगामांत पुन्हा सुरू झाल्या. ज्यांच्याकडं फक्त बाग होती त्यांना विचारा.

सुट्टीवाली

हे वाचून प्रश्न पडला की मी खोली घेताना विचारायचं काय? मालक इथंच राहतो का हे विचारता येतं. पाणी कुठलं आणि शोषखड्डा कुठं, हे फोनवर विचारलं तर फोन ठेवून देतील.

माडाखाली

ठेवणार नाहीत, ताई. ठेवला तर तिथं राहू नका. माझ्याकडं या, विहीर दाखवतो. चादर रोज बदलून मिळणार नाही, हे आधीच सांगतो.

पायवाट, भाव येईल म्हणता ते कागदावर. नवीन बांधकामाला बंदी आली की आमच्या झिलान वेगळा संसार मांडून दोन खोल्या काढल्या तर तो बेकायदेशीर, आणि आज ज्याच्या वीस खोल्या उभ्या आहेत तो कायदेशीर. तुमच्या नियमानं त्याचंच भलं होतं. बंदी घालायची असेल तर सातबारा बघून घाला. ज्याचं नाव गावच्या सातबाऱ्यावर आणि जो बारा महिने तिथं राहतो त्याला दोन-चार खोल्या, बाकी कुणाला एकही नाही. हे लिहून द्या, मी ग्रामसभेत हात वर करतो.

गोंयकार

सातबारावाला आपली जमीन भाडेपट्ट्यानं देतोच की. वीस खोल्यांना जमीन कुणी दिली?

माडाखाली

दिली. ज्यांनी दिली ते आता मुंबईत आहेत. म्हणूनच ‘बारा महिने राहतो’ हे आधी लिहिलंय.

पायवाट

त्या अटीला माझी हरकत नाही, पण राहतो की नाही हे तपासणार कोण, तिथं गाडी परत अडते. शिवाय उद्या प्रत्येक झिलाच्या दोन खोल्या धरल्या तरी दांडा तेवढाच राहणार. तोवर मी स्वतः खाडीपलीकडं भोगव्याला उतरेन.

खोलपाणी

उतरा. चिपीचा विमानतळ त्याच बाजूला आहे आणि भोगव्यातही जमिनींची विचारपूस सुरू झालीय. ‘भोगव्यात नवीन खोल्या नकोत’ या धाग्यात भेटू.